मानाची पोळी

दवनीवाड्यात रुक्माबाईच्या दारी पाहुणा आला की ती आधी गव्हाचं पीठ काढणार, मग येणाऱ्याची खुशाली विचारणार. कोठी धानानं भरलेली, दोन्ही वेळा भात शिजायचा. पण भात तो रोजचा, घरच्यांचा. गहू विकतचा, म्हणून मानाचा. पोळी पाहुण्याला, जावयाला आणि घरात कुणी अंथरुणाला लागलं तर त्याला. पोवारांच्या त्या घरात ही रीत सासूच्या सासूपासून चालत आलेली, आणि रुक्माबाई रीत मोडणाऱ्यातली नव्हती.

त्यामुळे बिरसीहून आलेली सून दुर्गेश्वरी लग्नानंतर वर्षभरात पोट धरून बसायला लागली, तेव्हा सासूनं पहिला तिचा भात तोडला.

"भात पोटात फुगते, पोरी. पोळी खात जा."

मग पोळी, दलिया, रव्याचा शिरा, चहासोबत टोस्ट. रुक्माबाई जीव लावून करायची आणि विचारायची, "आजून वाढू का?" उत्तर ठरलेलं, "पुरे, माय." सून वाळतच गेली. गोंदियाच्या डॉक्टरांनी आधी गॅस म्हटलं, मग पित्त, मग सोनोग्राफी करून म्हटलं काहीच नाही. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, असाच तो प्रकार. काहीच नाही म्हटल्यावर गावाला मोकळं रान मिळालं. शेजारची पुष्पाबाई अंगणात उभी राहून म्हणाली, "कामाच्याच वक्ती दुखते का वो हिचं पोट?" रुक्माबाईनं तिला फाटकाबाहेर घालवलं. पण तीच शंका आपल्याही मनाला एकदा शिवून गेली होती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

२०१२ साली दिवाळीच्या तोंडावर मुलानं, धनेंद्रनं, बायकोला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, हिला गहूच सोसत नसावा; पण खात्री व्हायची ती पोटात दुर्बीण घालून, आतड्याचा तुकडा तपासल्यावरच. तारीख मिळाली गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आटोपल्यानंतरची. तोवर रोज पोळी खायचीच, अशी ताकीद. गहू सोडला की आतडं भरून येऊ लागतं, मग तपासणीत काही सापडत नाही आणि दुखणं पुन्हा बिननावाचं राहतं.

धनेंद्रनं हे येऊन सांगितलं तेव्हा रुक्माबाई कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

"म्हंजे मी हिले दुखणंच वाढून राहिली होती?"

"तुले का मालूम होतं, माय? पण तारखेपावतर वाढाच लागंल."

नकळत केलं ते एक. आता समजून उमजून करायचं होतं. रुक्माबाई पोळी लाटायची, ताट सुनेपुढे सरकवायची आणि काही काम काढून परसात निघून जायची. परतायची तेव्हा दुर्गेश्वरी भिंतीशी मुटकुळं करून पडलेली असायची. तारखेपर्यंत ही टिकेल ना, या एकाच भीतीनं सासूला अन्न गोड लागेनासं झालं.

मंडईच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. पोळ्यांची चळत उभी राहिली आणि दुर्गेश्वरीला उठवेना. रुक्माबाईला राहवलं नाही. तिनं तांदळाच्या पिठाची पातळ भाकर केली, तूप लावलं आणि गुपचूप सुनेपुढे ठेवली. पहिल्याच घासाला सून थांबली.

"माय, हे तांदळाची हाय."

"खा चुपचाप. एका दिवसानं का बिघडते?"

"बिघडलं तर? पुन्हा तारीख, पुन्हा हेच. लोकं म्हणतीलच, नाटक करते." दुर्गेश्वरीचे डोळे भरले, पण तिनं ताट मागे सारलं. "मले पोळी द्या."

रुक्माबाईला भयंकर राग आला. सुनेचा, डॉक्टरीणबाईंचा, गव्हाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिनं पोळी आणून दिली. या वेळी मात्र ती परसात गेली नाही. सुनेची पोळी खाऊन झाली, कळ उठली, तशी तिचं डोकं मांडीवर घेऊन गरम फडक्यानं पोट शेकत बसली. पंगतीतून पोळीची हाक आली.

"ज्याले पायजे त्यानं उठून घ्या," ती आतूनच म्हणाली. त्या घरात पाहुण्याला असं कुणी कधी बोललं नव्हतं.

ठरल्या तारखेला तपासणी झाली. रिपोर्ट आला तेव्हा आजाराला नाव मिळालं होतं. गहू जन्मभर बंद. रवा, शेवया, टोस्ट सगळंच बंद. भात हवा तेवढा. रुक्माबाईनं डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं, "भात चालते ना?"

बरं व्हायला वेळ लागला. रुक्माबाई आता भात वाढायची, पण आणखी हवा का हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती. थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी दुर्गेश्वरीनं ताट पुसून मान वर केली.

"माय, भात हाय का आजून?"

"हाय ना. कोठी भरून हाय." एवढं बोलली आणि रुक्माबाईला हुंदका आवरेना. "घरात धान होतं, पोरी, अना म्या तुले उपाशी ठेवलं."

दुर्गेश्वरीनं ताट पुढे केलं.

"रडणं मंग, माय. पहिले वाढा."