काळी पाच, पांढरी चार

सात जून, रविवार, सकाळचे साडेसात. टेम्पोचे भाडे अठरा हजार, त्यातले नऊ आगाऊ दिलेले. मिरजेच्या घरासमोर हजर माणसे सहा: आई, थोरला भाऊ म्हणजे आमचा दादा, वहिनी, मी, माझी बायको सुनीता आणि आमची दहा वर्षांची सानिका. त्याला आता सात वर्षे झाली. मिरजेत राहिलेल्यांनी हे वाचावे आणि आमच्यासारखे उठून पनवेलकडे आलेल्यांनीही, म्हणून लिहितो आहे.

आईने तिघांच्या हातावर दही घातले. दादा पायरीवरून खाली उतरला नाही. तिथूनच म्हणाला, "सुध्या, तिकडे हिला नाचाच्या क्लासला घाल. गळ्याच्या नादाला लावू नकोस." वहिनी हसली. टेम्पोवाल्याने विचारले, निघू का? मी म्हणालो, निघा.

कोणी विचारले तर मी नोकरीचे कारण सांगतो. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरचे हिशेब बघायचे काम मिळाले होते. पगार मिरजेच्या पतसंस्थेपेक्षा सात हजारांनी जास्त. बेलपाड्यातल्या दोन खोल्यांचे भाडे नऊ हजार. म्हणजे दरमहा दोन हजारांचा तोटा पत्करून आम्ही घर सोडले. नोकरीसाठी असे कोणी जात नाही.

खरे कारण आदल्या वर्षीची गुरुपौर्णिमा. दादाचा गाण्याचा क्लास आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चालायचा, चाळीस मुली. क्लासचा एकच नियम होता: मुलींनी काळी पाचमध्ये गायचे. गाणारा पेटीच्या ज्या पट्टीवर आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. काळी पाच म्हणजे बरीच वरची. दोन्ही तानपुरे कायम तिच्यातच लावलेले. प्रत्येकीसाठी तारा उतरवत बसलो तर शिकवू कधी, असे दादा म्हणायचा. सानिका तीन वर्षे तशीच गायली. त्या दिवशी वरच्या सा वर तिचा आवाज फाटला. दादाने भात्यावरचा हात काढला आणि माईकमध्येच म्हणाला, "हिला उठवा. पेढे वाटायला बसवा."

दीडशे माणसे हसली. माझ्याही तोंडावर हसू होते. सानिकाने खरेच ताट घेतले आणि शेवटच्या रांगेपर्यंत पेढे वाटले. तेव्हापासून घरात तिचे नाव पेढेवाली पडले. संध्याकाळी तानपुरे सुरू झाले की ती माडीवर जायची, कानांत बोटे घालून पाढे म्हणायची. हे मी अकरा महिने पाहिले आणि मग टेम्पो सांगितला.

बेलपाडा म्हणजे खारघरच्या टॉवरांच्या मधोमध राहिलेले जुने गाव. आमचे घरमालक तिथलेच, नामदेवकाका, गावात सगळे त्यांना नामाशेठ म्हणतात. त्यांची शेती सिडकोत गेली, मिठागर त्याआधी. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचे. आता गावातल्या हळदीला वाजवतात, तेही मनात आले तर. तिथे आल्यावर दोनेक वर्षांनी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना सानिका अगदी हळू काहीतरी गुणगुणत होती. त्या गुरुपौर्णिमेनंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदा. नामाशेठ खालून ऐकत होते. त्यांनी मला बोलावले.

"पोरगी गाते आन तुमी सांगला पन नाय?"

मी सगळे सांगितले. गुरुपौर्णिमेचे रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये होते, पुसलेले नव्हते. तेही ऐकवले. त्यांनी दोनदा ऐकले, आतून कीबोर्ड आणून एक पट्टी दाबून पाहिली आणि हसायलाच लागले.

"भाऊ, पोरगी बेसूर नाय. पेटी वर हाय."

मग सानिकाला वर हाक मारली. पांढरी चार दाबली, म्हणजे कितीतरी खालची पट्टी, आणि म्हणाले, हिच्यात म्हण. तिने म्हटले. आवाज जाड, थोडा घोगरा, आणि कुठेही फाटला नाही. सुनीता दारात उभी होती. ती म्हणाली, "एवढंच होतं?"

एवढेच होते. तार अडीच सुरांनी उतरवायची होती. मी गाण्यातला माणूस नाही, पण अडीच कळतात. त्या दिवसापासून मी हे दादाला दाखवून द्यायच्या संधीची वाट बघायला लागलो. कोणी याला मनाचा कोतेपणा म्हणेल. म्हणू दे.

नामाशेठनी तिला त्यांची हॉटेलातली गाणी शिकवली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची अमेरिकन गाणी, काही जॅझ, काही पॉप. त्यांना स्टँडर्ड्स म्हणतात, कारण तीच गाणी पिढ्यान्‌पिढ्या सगळे गायक गात आले आहेत. मला त्यांतले शब्द निम्मेही कळत नाहीत. एक गोष्ट मात्र मी नीट समजून घेतली: या गाण्यांना ठरलेली पट्टी नसते. गाणारी येते, आपली पट्टी सांगते आणि वाजवणारे तिकडे जातात. मी नामाशेठना विचारले, कोणी नाही म्हणत नाही? ते म्हणाले, "नाय कसा म्हनल? गानार ती हाय ना."

यंदा, सतराव्या वर्षी, तिचा पहिला अल्बम झाला. नऊ गाणी. खारघरच्या स्टुडिओत चार दिवस. पियानो आणि ड्रमवर तिच्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी, तीन गाण्यांत नामाशेठचा सॅक्सोफोन. प्रत्येक गाण्याची परवानगी काढून रीतसर पैसे भरले. ऑनलाइन तर टाकलाच, शिवाय हातात देता याव्यात म्हणून मी शंभर सीड्या करायच्या ठरवल्या. सानिका म्हणाली, "बाबा, सीडी लावायला कोणाकडे काय आहे?" मी म्हणालो, लावायला नाही, वाचायला.

बातमी मिरजेला पोहोचली आणि दादाचा फोन आला. सात वर्षांत तिसरा.

"सुध्या, कव्हरवर माझं नाव घाल. गुरू म्हणून. पाया माझ्याकडचाच आहे. इथे मी पेपरवाल्यांना सांगितलंय तसं."

मी म्हणालो, "घालतो. एका अटीवर. पनवेलला कार्यक्रमाला ये आणि माईकवर सांग, की मी हिला चुकीच्या पट्टीत गायला लावलं."

तो "येतो. बोलतो," म्हणाला.

सानिकाला सांगितले तर ती म्हणाली, "जॅझच्या अल्बमवर गुरू कोण लिहितं? आणि हा तुमचा इश्यू आहे बाबा, माझा नाही." बरोबर आहे. तो माझाच होता. म्हणून मी कव्हरांचे दोन गठ्ठे छापून घेतले, शंभर-शंभरचे. एकावर गुरू म्हणून दादाचे नाव. दुसऱ्यावर गुरू: नामदेवकाका, बेलपाडा, आणि खाली बारीक अक्षरात, पट्टी: पांढरी चार. दोन्ही खोकी टेबलाखाली ठेवली. पहिले उघडायची वेळ येऊ नये, अशीच माझी इच्छा होती. हे लपवत नाही.

पनवेलच्या छोट्या सभागृहात एकशेदहा खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पहिल्या रांगेत आई, दादा, वहिनी. पलीकडे बेलपाड्याची माणसे. सानिका पाच गाणी गायली. पाचव्या गाण्यानंतर आईने डोळे पुसले, आणि दादाचे बोट मांडीवर ताल धरत होते. हेही मी पाहिले, आणि पाहिले म्हणून लिहितो. मग शेवटचे गाणे बाकी ठेवून मी त्याला माईक दिला.

तो सहा मिनिटे बोलला. घराण्याबद्दल, आमच्या वडिलांबद्दल, पायाभरणीबद्दल. शेवटी म्हणाला, "लहानपणी मी हिला थोडं कडक वागवलं. आज त्याचं फळ दिसतंय." टाळ्या पडल्या. पट्टीचा 'प'सुद्धा नाही.

मी वाकलो आणि दुसरे खोके उघडले. त्यातले कव्हर लावून पहिली सीडी त्याच्याच हातात दिली, दोन्ही हातांनी, जसे घरी मोठ्यांना देतात तसे. त्याने चष्मा लावला. वाचून झाल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "हळदीत वाजवणारा?"

"हो दादा. त्यानं तार उतरवली."

नामाशेठ पलीकडेच बसले होते, त्यांनी ऐकले. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमी हळदीत पन आधी नवरीला इचारतो." बेलपाड्याची सगळी रांग हसली. दादा उठला. वहिनी उठली. आई बसून राहिली, मग तीही उठली. जाताना तिने सानिकाच्या गालावर हात ठेवला, माझ्याकडे बघितले नाही.

सानिकाने नंतर विचारले, "मिरजेचे काका शेवटचं गाणं ऐकून गेले का?"

"नाही."

"ते बेस्ट होतं. राहिलंच त्यांचं."

आठ दिवसांनी आईचा फोन आला. यंदा गणपतीला येऊ नका, म्हणाली. मी बरं म्हणालो. वाईट वाटले; पण तो कार्यक्रम पुन्हा करायची वेळ आली तर मी तेच खोके उघडेन. परवा सानिकाच्या कॉलेजचा फॉर्म भरताना कायमचा पत्ता म्हणून मी बेलपाडा लिहिले. 'मूळ गाव' हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून तिथे मिरज लिहिले.

काल छापखान्यात पैसे द्यायला गेलो. पहिले खोके कार्यक्रमाहून तसेच परत आले होते, शंभर कव्हरे, न उघडलेली. मालक भला माणूस. वापरलीच नाहीत तर त्यांचे निम्मेच द्या, म्हणाला. मी नको म्हणालो. दोनशे कव्हरे, एकवीस रुपयांना एक, चार हजार दोनशे. त्याला पूर्ण दिले आणि पावती घेतली.