ट्यूबला बांधलेली तांबडी

आजीच्या पहिल्या मुलाला आमच्याच घोडीनं मारलं.

घरात हे कुणी बोलत नसे. मी कॉलेजात असताना आजीनं स्वतःच सांगितलं. एकदाच.

१९३०च्या दशकातलं नाशिक. आजोबा टांगेवाले, स्टेशन ते पंचवटी. घोडीचं नाव तांबडी.

तांबडी पळायला एक नंबर. पण बांधून ठेवली की वेडी व्हायची. मान मागं टाकून, पाय रोवून, दोर तुटेपर्यंत ओढायची.

त्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, टांगा थांबवून आजोबा एका प्रवाशाची ट्रंक पोचवायला गेले होते. टांग्याला जुंपलेलीच घोडी खांबाला बांधलेली. मुलगा टांग्यात झोपलेला, दीडेक वर्षाचा. आजी शेजारीच पाणी भरत होती.

वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर वाऱ्यानं सुटलं आणि घोडीच्या तोंडासमोर फडफडलं.

दोर तुटला. टांगा उलटला.

आजी एवढंच म्हणाली, "तांब्या हातातच राहिला माझ्या."

त्यानंतर आजोबा रोज घोडीला चाबकानं फोडून काढायचे. मग तिथंच भिंतीला टेकून रडत बसायचे.

मार खाऊन ती आणखी बिथरली. नुसता दोर दिसला तरी थरथरायची.

विकायची तर घेणार कोण? पोर मारणारी घोडी म्हणून गावभर झालेलं. दुसरी घ्यायची ऐपत नाही. टांगा थांबला की चूल थांबणार.

आणि आजीला पुन्हा दिवस गेलेले.

एकदा आजोबांनी चाबूक उचलला आणि आजीनं त्यांचा हात धरला.

"मारू नका. ती मस्तीखोर नही शे. घाबरेल शे."

(आजी सटाण्याकडची. अधूनमधून येणारं ते 'शे', म्हणजे 'आहे', तिच्या तोंडातून शेवटपर्यंत गेलं नाही.)

"तुला तिचा पुळका येतो?" आजोबा ओरडले.

"पुळका नाय. मला तिचं तोंड बघवत नाय. पण उद्या हे पोर बी तिच्याच टांग्यात बसणार हाय."

आजीच्या माहेरी घोडी होती, तिनं लहानपणी शिंगरं, म्हणजे घोड्यांची पिल्लं, बांधून घ्यायला शिकवताना पाहिलेली. कुठूनतरी तिनं मोटारीची जुनी ट्यूब मिळवली. दारातल्या निंबाच्या बुंध्याला, घोडीच्या पाठीइतक्या उंचीवर, ती बांधली. दोर त्या ट्यूबला.

घोडीनं ओढलं की ट्यूब ताणली जायची. झटका नाही, दोर तुटणंही नाही. ती पुढं आली की ओढ आपोआप सैल.

घोडी खेचत असेपर्यंत आजी तिला सोडायची नाही. शांत झाली की मगच सोडायची.

रोज. कधी थोडा वेळ, कधी अख्खी सकाळ.

"लांब हो, पोटात लाथ घालील!" आजोबा म्हणायचे.

आजी हलायची नाही.

मग एके दिवशी तिनं गेलेल्या मुलाची गोधडी बाहेर आणली. घोडीसमोर धरली आणि झटकली.

तांबडी मागच्या पायांवर उभी राहिली. ट्यूब ताणून ताणून बोटाएवढी बारीक झाली.

आजी थांबली नाही. झटकत राहिली. रडत, शिव्या देत. "ओढ! ओढ किती ओढायचं ते!"

शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, हिला वेड लागलं.

"लागलंच होतं," आजी मला म्हणाली.

हात भरून आले तेव्हा ती खाली बसली. घामानं भिजलेली घोडी एक पाऊल पुढं आली. दोर सैल पडला.

दोघी तशाच धापा टाकत राहिल्या.

बाळंतपण अडलं. सुईणीनं हात टेकले. भर दुपारी आजोबांनी आजीला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

तिला उचलून आत न्यायचं होतं. घोडी धरायला कुणी नाही. त्यांनी ती फाटकाजवळच्या झाडाला बांधली आणि आत गेले.

कळा देताना आजी नर्सला सारखी विचारत होती, "उभी हाय का?"

"कोण हो बाई?"

"घोडी!"

नर्स खिडकीपाशी गेली. बाहेर एक मोटार हॉर्न वाजवत आत येत होती.

"मान उडवतेय... मागं सरली... नाही, नाही. उभी आहे. उभी आहे हो बाई."

संध्याकाळी मूल झालं. ते माझे बाबा.

आजोबा बाहेर आले तेव्हा तांबडी तिथंच होती.

पुढं ती म्हातारी होऊन मेली. तोवर आजीनं तिला रोज वेळेवर पाणी दाखवलं. पण अंगावरून हात कधी फिरवला नाही.

मी विचारलं होतं, "आजी, राग गेला का गं?"

"राग शेच," ती म्हणाली. "पोर गेलं ना माझं."

आणि उठून आत गेली. मुलाचं नाव विचारायचं राहिलं. आता सांगणारं कुणी नाही.

आज आजीची पुण्यतिथी.

आजी, तुला, आणि ज्याचं नावही मला माहीत नाही त्या माझ्या काकाला, मनापासून नमस्कार.