गंधारला मर्द करण्याची दोन वर्षं

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये नीलिमाताईंना लोक शनिवारच्या पाटीवरून ओळखत. दुपारी लायब्ररीसमोर सात-आठ बायका घरातल्या मारहाणीविरुद्ध मुकाट उभ्या राहत. ताईंच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं असे, ‘मुलग्यांना रडू द्या.’

"पाटी झकास आहे," त्यांचे यजमान उल्हासराव म्हणत. "फक्त बेसमेंटमध्ये ठेव. घरात एक रडका पुरे."

रडका म्हणजे मुलगा गंधार, वय एकोणीस. कुटुंब आधी सिंगापूरला होतं. वडिलांच्या नोकरीमुळे त्याला लहानपणीच तिथल्या कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, आणि त्याच्याबरोबर दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवाही. ती टाळली, तर पुन्हा तिथे पाऊल ठेवताच खटला. कॅनडातच राहायचं, तर कोणी न्यायला येणार नव्हतं. पण उल्हासरावांना ती टळायला नको होती. गंधार ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसू लागला की ते खिडकीतून ओरडत, "अरे, रांगोळी काढतोयस का? आर्मीच तुला सरळ करेल!"

बाहेर मुकाट उभं राहायचं, घरी मुकाट बसायचं. ताईंना आता त्याचा शीण आला होता. २०१७च्या दिवाळीत उल्हासरावांनी पाहुण्यांदेखत तोच विषय काढला, तेव्हा ताईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला.

"गंधार जाणार नाही."

"घ्या! पाटी जेवणाच्या टेबलावर आली," उल्हासराव हसले.

"आई, लीव्ह इट," गंधार म्हणाला. "मी येस म्हणून कळवलंय. जानेवारीत रिपोर्ट करायचंय."

"का रे?"

"सो ही कॅन टॉक अबाउट समथिंग एल्स."

पाहुणे मसालेभातात डोकं घालून बसले.

जानेवारीत तो गेला. काही दिवसांनी डोकं भादरलेला फोटो आला. उल्हासरावांनी तो नागपूरपर्यंत सगळ्यांना धाडला. "आता कसा मर्द गडी दिसतोय!" फोटोत गंधार हसत होता, दातांच्या डॉक्टरपुढे आ करावा तसा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गुडघाभर बर्फ पडला. उल्हासरावांची कंबर धरलेली, म्हणून शोव्हल ताईंनी घेतलं. ड्राइव्हवेच्या अर्ध्यावरच त्यांना दम लागला. वरची खिडकी उघडली.

"अगं, कडेचा राहिलाय! गंधार असता तर..."

ताईंनी शोव्हल ढिगात खुपसलं. बेसमेंटमधून पाटी आणली आणि बसस्टॉपची वाट धरली.

"आणि गाडी कशी काढायची?" मागून आवाज आला.

बस वळणावर दिसत होती. ताईंनी पाटी काखेत घेतली आणि पाय उचलला.