पुलावरची गाडी

भागोजी शिगवणाची उभी हयात रेल्वेत गेली. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात तो फिटर होता. इंजिनांच्या पोटाखाली उताणं पडायचं, नट आवळायचे, तेल तोंडावर घ्यायचं, हेच त्याचं काम. आणि त्याच्या बायकोने, मथुरेने, आगगाडी कधी पाहिलीच नव्हती. आता यात नवल वाटण्यासारखं काय आहे? रत्नागिरीकडचा चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, चार दिवस पालखी नाचवणार आणि तांदळाची पिशवी खांद्यावर मारून एसटीने परत जाणार. मागे भातशेती, गुरं, अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं बायकोच्या गळ्यात. तिला मुंबई दाखवायची म्हणजे गुरांना कोण बघणार?

कोकणात रेल्वे येणार हे तर भागोजी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकत होता. पुढारी येऊन भाषणं ठोकून जायचे. मोजणीवाले येऊन माळावर दगड रोवून जायचे आणि त्या दगडांना गुरं अंग घासायची. दर वेळी मथुरा विचारायची, "येते का वो गाडी?" आणि दर वेळी हा छाती काढून म्हणायचा, "येऊ दे. पयल्या गाडीत तुला खिडकीपाशी बसवतंव." लग्न झालं तेव्हा म्हणाला, पोरी नांदायला गेल्या तेव्हा म्हणाला, पेन्शनीत निघून घरी आला तेव्हाही म्हणाला. गाडी आपली तिकडे रोह्याजवळ कुठेतरी घुटमळत होती.

मग मथुरेचे डोळे गेले. म्हणजे एकदम गेले नाहीत. सुरुवातीला ती उंबऱ्याला अडखळायला लागली, कोंबडी पायाशी आली तरी तिला कळेना. भागोजी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्यात किल्लीच्या भोकातून बघावं तेवढी नजर उरली होती. गेलेली परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, औषध घालत राहा. येताना एसटीत, निवळीचा फाटा गेल्यावर मथुरा म्हणाली, "गाडी काय आता मना दिसत न्हाय." एवढंच म्हणाली. रडली-बिडली नाही.

भागोजीला मात्र ते वाक्य लागलं ते लागलंच. माणूस तसा हट्टी. सरकारच्या हातून होत नाही तर आपण करू, असं त्याने डोक्यात घेतलं आणि मागच्या पडवीत रेल्वे बांधायला बसला.

रेल्वे म्हणजे खेळण्यातली आगगाडी नव्हे. पाटावर मावेल एवढं इंजिन त्याने पत्रा कापून, कानशीने घासून केलं. चाकं फिरतात, दांडे हलतात, सगळं खऱ्यासारखं. पितळी पट्ट्यांचे रूळ, आंब्याच्या फळ्यांवर ठोकलेले. डोंगर मात्र आपल्या पद्धतीने केले. गणपतीची मखरं करून हात बसलेला, म्हणून काठ्यांचा सांगाडा, वर खळीत बुडवलेले कागद आणि त्यावर जांभ्याची तांबडी माती. मधोमध खाडी आणि खाडीवर पूल. एका टोकाला रत्नागिरी स्टेशन, पाटीसकट.

पूल कुठे बांधायचा हे त्याने कसं ठरवलं ते सांगतो. मथुरेला बाकड्यावर बसवलं आणि तिच्यापुढून कंदील इकडून तिकडे नेला. "दिसतो?" "दिसतो." "आता?" "गेला." जिथे दिसला आणि जिथे गेला तिथे भिंतीवर कोळशाने खुणा केल्या. तेवढ्याच खिडकीतून बाईला जग दिसत होतं. त्या खिडकीत भागोजीने पूल बसवला. बाकीच्या जगाला गाडी कुठेही दिसो, मथुरेला ती पुलावरून जाताना दिसली पाहिजे.

वाडीत वीज नव्हती. खांब आले होते, तारा यायच्या होत्या. इंजिन चालतं का हे तो बॅटरीचे सेल लावून तपासायचा, हातभर पुढे, हातभर मागे. दिवाळीत मथुरा पडवीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "एकदा दाखवा तरी. हातभर तर हातभर."

"अर्धीमुर्धी दाखवायची न्हाय," भागोजी म्हणाला. "डब्यासकट, दिव्यासकट, बोगद्यातून येईल तवाच बघ. एवढी वर्षं थांबलीस, आणखी थोडी थांब गो."

ती थांबली. तिच्या हातात दुसरं होतं काय?

त्या थंडीत ती तांदूळ निवडायला शेजारच्या मैनेला बोलवायला लागली. विहिरीवरही मैनेबरोबरच जायची. कालवणात एकदा मीठ दोनदा पडलं. भागोजीने पाणी पिऊन तेवढं जेवण उरकलं आणि पडवीत पळाला. त्याच्या डोळ्यांपुढे पुलाचे खांब होते, दुसरं काही शिरतच नव्हतं.

माघात रत्नागिरीला एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, शनिवार-रविवार. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, शिंपले, काड्यापेट्यांचे छाप असलं काय काय. तिथल्या नेनेमास्तरांनी भागोजीची रेल्वे ऐकली होती. त्यांनी निरोप धाडला की कोपऱ्यातली मोठी जागा तुमची, विजेची सोयही आहे. झालं. वीज म्हटल्यावर भागोजी हवेत तरंगायला लागला. कारखान्यातला त्याचा दोस्त धोंडू तारा गुंडाळायचं, वायंडिंगचं काम करायचा. निरोपाच्या दिवशी त्याने स्वतः गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर भागोजीला दिला होता. तो फडक्यातून बाहेर निघाला. आंब्याच्या टेम्पोत पेंढा पसरून डोंगर, खाडी, स्टेशन, सगळं रत्नागिरीला पोचलं.

शनिवारी गाडी चालली, आणि काय चालली. बोगद्यातून दिवा लावून बाहेर आली, पुलावर खडखडली, रत्नागिरीच्या फलाटाला लागली. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. रत्नागिरीच्या पाटीसमोर उभं राहून एक म्हातारा नुसता डोळे पुसत होता. मालगुंडचा एक जण भांडायलाच उठला.

"आमच्या मालगुंडला स्टेशन का नाही?"

"खरी रेल्वे तरी कुठं आलीय तुमच्याकडं?" भागोजी म्हणाला.

"खरी नाही म्हणून तर खोटीत तरी द्या."

सगळे हसले. भागोजीही हसला. नेनेमास्तरांनी पाठ थोपटली. पण आत कुठे तरी भागोजीला हे सगळं फुकट वाटत होतं, कारण जिने बघायचं होतं तिने अजून बघितलं नव्हतं. मथुरा रविवारी यायची होती. शनिवारी सकाळी पाहुण्यांनी फीत कापली तेव्हा मास्तर म्हणाले होते, गाडीपुढे नारळ वाढवा. भागोजीने नारळ पिशवीत टाकला. "ह्यो उद्याचा," तो म्हणाला.

त्याचं असं होतं. कारखान्यात इंजिन दुरुस्त होऊन बाहेर निघालं की रुळाशी नारळ वाढवायचा आणि त्याचं पाणी चाकावर सोडायचं, ही जुनी रीत. त्याशिवाय एकही इंजिन उंबरठा ओलांडत नसे. भागोजीच्या हिशेबी शनिवारची गाडी ही चाचणी होती. खरी गाडी सुटणार ती मथुरेच्या हातून चाकावर पाणी पडल्यावर.

रविवारी दुपारी मैना मथुरेला घेऊन आली. मथुरेने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने मैनेचा दंड घट्ट धरला होता. गर्दीला बुजली असेल, असं भागोजीला वाटलं. लोकांनी वाट करून दिली. पुलासमोर तिच्यासाठी मोजून ठेवलेलं स्टूल होतं. त्याआधी भागोजीने तिला इंजिनापाशी नेलं, दगडावर नारळ फोडला आणि पाण्याने भरलेली कवड तिच्या हातात दिली.

"पुढल्या चाकावर सोड. दोन थेंब."

"कुठं?" मथुरेने हळूच विचारलं.

"हे काय, समोर हाय."

बटण चालू होतं. इंजिन दिवा लावून उभं होतं, वरची कळ सरकवली की सुटणार. कारखान्यातले रूळ म्हणजे नुसतं लोखंड, त्यावर घागर ओतली तरी काय होतंय? इथल्या रुळांतून वीज खेळत होती. इतकी वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला त्या घडीला एवढं सुचलं नाही. रीत म्हणजे रीत, ती करताना कोण विचार करतो?

मथुरेचा हात पुढे गेला, थोडा घुटमळला आणि कवड कलंडली. चाकावर थेंब पडायचे ते राहिले बाजूला. सगळं पाणी फळीवर सांडलं आणि तारा खाली न्यायला पाडलेल्या भोकातून टेबलाखालच्या ट्रान्सफॉर्मरवर गेलं. फाटकन आवाज झाला. हॉलमधले दिवे गेले. आणि इंजिनाच्या धुराड्यातून निळसर धूर निघाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, इंजिन सुटलं. वाफेची गाडी, धूर सोडणारच. भागोजीच्या नाकात मात्र जळक्या वार्निशचा वास गेला. तो वास त्याला चांगला ठाऊक होता, वायंडिंग जळाल्याचा.

आणि तो मथुरेवर ओरडला. एवढ्या लोकांत. "डोळे फुटले का तुझे? समोर चाक दिसत न्हाय?"

टाळ्या थांबल्या. मथुरा रिकामी कवड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मैनेने तिला बाजूला नेऊन बाकावर बसवलं.

फ्यूज बदलला, हॉलचे दिवे आले. भागोजीने इंजिन उघडलं. आतली तार काळी ठिक्कर पडली होती. ट्रान्सफॉर्मर तर धोंडूच्या हातचा, तसा दुसरा कुठून आणणार? आणि धोंडू तरी कुठे उरला होता? मास्तर म्हणाले, राहू दे हो, नुसती मांडून ठेवा, लोक बघतील. लोकांनी बघितली. थोडा वेळ थांबले आणि शिंपल्यांकडे गेले. भागोजी टेबलामागे मान खाली घालून बसला. आपण तिला काय बोललो हे त्याच्या कानांत वाजत होतं. तो उठून तिच्याजवळ गेला नाही. कोणत्या तोंडाने जायचं?

संध्याकाळी हॉल रिकामा व्हायला लागला. तिकिटंवाल्यांनी आपले फलक उतरवले. मैना एसटीची चौकशी करायला स्टँडवर गेली. तेव्हा भागोजी मथुरेपाशी आला, तिचा हात धरला आणि तिला पुलासमोरच्या स्टुलावर बसवलं.

"गाडी सोडतंव," तो म्हणाला.

"झाली दुरुस्त?"

"झाली."

त्याने मनात ठरवलं होतं. डोंगर उंच होता. त्याच्या मागे वाकून, बोटाने ढकलत गाडी पुलावरून न्यायची. तिच्या नजरेची खिडकी एवढीशी, त्यात बोट कशाला येतंय? गाडी तेवढी येईल. आयुष्यभर तिला नुसते शब्द दिले, आता एवढं खोटं चालेल.

तो डोंगरामागे वाकला आणि इंजिनाला बोट लावलं. उडालेलं नारळाचं पाणी सुकून रूळ नि चाकं चिकट झाली होती. कशीबशी गाडी बोगद्यात शिरली आणि तिथेच अडली. त्याने जोर केला. इंजिन रुळावरून घसरलं आणि कलंडलं. भागोजीने बोगद्यात हात घालून ते बाहेर काढलं आणि चाक पुसायला म्हणून धोतराच्या सोग्यात धरलं.

"आली वो," मथुरा म्हणाली.

भागोजीने डोंगरावरून मान वर काढली.

पूल मोकळा होता. त्यावर काही नव्हतं. मथुरा त्याच्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती, गाडीबरोबर फिरावी तशी. चेहऱ्यावर हसू होतं.

"लाल डबे हायत ना? किती झ्याक दिसतात. दिवा पण हाय पुढं."

तांदूळ निवडणारी मैना भागोजीला आठवली, दोनदा पडलेलं मीठ आठवलं, मैनेचा दंड, घुटमळलेला हात, 'कुठं?' म्हणून विचारणारा तिचा बारीक आवाज. आणि दिवाळीत पडवीच्या दाराशी उभी राहिलेली ती. हातभर तर हातभर, म्हणाली होती. तेव्हा दिसत होतं तिला. तेव्हा दोन सेल लावून त्याने बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? आता कितीही डोकं आपटलं तरी ती दिवाळी परत येणार नव्हती. डब्यांचा लाल रंगही त्यानेच तिला सांगितला होता.

"नीट दिसली ना?" त्याने विचारलं.

"दिसली तर. चांगली दिसली." तिने पदर सारखा केला. "तुमी रागावू नका आता. परत येती का वो ती?"

"येती," भागोजी म्हणाला. "आता येईल."

इंजिन त्याच्या सोग्यात होतं. त्याने ते रुळावर ठेवलं नाही. डोंगरामागे तसाच उभा राहिला, पोटाशी धरून. समोर मथुरा मान सरळ करून, मोकळ्या पुलाकडे तोंड करून वाट बघत होती.

जरा वेळाने ती म्हणाली, "आली."