टार्टमधली गाळलेली ओळ

पाणीपुरवठ्याच्या नकाशाखात्यात कुणी निवृत्त झालं, की पट्टीकाका चॉकलेट-अक्रोडाचा टार्ट भाजून आणत. बढतीला नाही, बदलीला नाही, साहेबांच्या वाढदिवसाला तर मुळीच नाही. टार्ट फक्त निरोपाला. काका खात्यातले ड्राफ्ट्समन; टार्टसुद्धा पट्टी आणि कोनमापक लावून कापत, म्हणून हे नाव पडलं. सत्तावीस वर्षांत एकोणीस माणसं त्यांनी अशी तोंड गोड करून घरी पाठवली. त्या दिवशी निवृत्त होणाऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे, सगळे टार्टबद्दलच बोलत. काकांना याचं वाईट वाटायचं, असं काही म्हणवत नाही.

आता त्यांचीच पाळी आली, आणि पंचाईत झाली. ज्याचा निरोप, त्यानं त्या दिवशी कपबशीलाही हात लावायचा नाही, हा खात्याचा नियम. मग टार्ट करणार कोण? माणूस मानी, तोंडानं मागेल तर शपथ! पण आपल्याच निरोपाला टार्ट नाही म्हणजे सत्तावीस वर्षं पाण्यात गेली, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मग सुरू झालं ताकाला जाऊन भांडं लपवणं. टार्टचा साचा घरून आणून त्यांनी टेबलावर ठेवला. आठवडाभर कुणी काही विचारलं नाही. शेवटी साहेबांनी त्यात टाचण्या ठेवल्या.

निरोपाच्या दिवशी टायपिस्टबाई मोठा डबा घेऊन आल्या. खात्यातला टाइपरायटर भंगारात जाऊन जमाना झाला, बाईंचं नाव तेवढं राहिलं. डब्यात टार्ट होता. वरून काळाभोर, चकचकीत, अक्रोड ओळीनं मांडलेले. काकांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा पुसला.

"तुमच्याच कागदावरून केलाय हो, काका," म्हणत बाईंनी पर्समधून एक तेलकट ट्रेसिंग पेपर काढला.

काकांनी तो कागद लांबूनच ओळखला.

बारा वर्षांपूर्वी बाईंनी कृती मागितली होती. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. काकांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात मैदा, लोणी, चॉकलेट, सगळं ग्रॅमपर्यंत लिहून दिलं, खाली सहीसुद्धा केली. फक्त एक ओळ गाळली. मैद्याची पारी साच्यात बसवली की ती आधी रिकामीच भाजायची, फुगू नये म्हणून वर कागद आणि मूठभर सुके वाटाणे ठेवायचे. हे केलं नाही तर बूड कच्चं राहतं. बाईंना टार्ट जमला तर आपल्याला कोण विचारणार, एवढीच भीती. पुढे टार्ट कसा झाला हे काकांनी कधी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही.

पहिला तुकडा अर्थात काकांना. पारी टाळूला जाऊन चिकटली.

"तुमच्यासारखा नाही झाला ना?" बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या हातालाच गुण नाही हो. दोन ओव्हन बदलले मी. मुलीच्या लग्नात केला, तर विहीणबाई चमच्यानं खात म्हणाल्या, पुडिंग छान झालंय."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. छान झालाय म्हटलं असतं तर सुटले असते. निरोपाच्या दिवशी माणसाचं सगळं खरं मानतात.

"पारी आधी रिकामी भाजायची असते," काका म्हणाले. "मी ते लिहिलं नव्हतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं."

साहेबांनी टाचण्या मोजायला घेतल्या.

बाईंनी कागद टेबलावर पसरला, पेन पुढे केलं. काकांनी ती ओळ लिहिली, वाटाण्यांसकट. बाईंनी ती दोनदा वाचली.

"बारा वर्षं मी लेकीला सांगत आले, तू या भानगडीत पडू नकोस, आपल्या घरात कुणाच्या हाताला गुण नाही म्हणून."

काकांनी पेनाला टोपण लावून ते बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग सुरी घेतली, अंदाजानंच एक भला मोठा तुकडा कापला आणि काकांच्या बशीत घातला.

"खा," त्या म्हणाल्या.

काकांनी खाल्ला. सगळा खाल्ला. मग बशी पुढे केली आणि अजून मागितला.