आबांना दिलेला माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखणाऱ्यांपुढे जीभ रेटत नाही म्हणून? दोन्ही खरं असेल.

आमच्या जळगावात दरवर्षी बजेट जवळ आलं की फोनवर एक जुना व्हिडिओ फिरायला लागतो. आमचे आबा विधानसभेत बोलायला उभे आहेत. चष्मा कपाळावर, एक हात खिशात, आणि सरकारच्या वाढत्या खर्चावर असे तुटून पडलेत की समोरचे मंत्रीसुद्धा हसताहेत. खाली कुणीतरी हमखास लिहितं, असा आमदार पुन्हा होणे नाही. मेहरूणच्या तलावावर सकाळी आम्ही रिटायर मंडळी फिरायला जातो, तिथे लोक मला थांबवून विचारतात, "भाऊ, ते भाषण तुम्हीच लिहिलेलं ना?" मी मान हलवतो. छाती जरा फुगते, तेही लपवत नाही.

भाषण मीच लिहिलेलं.

मी मूळचा धरणगावचा, तिथे शाळेत मराठी शिकवायचो. एका सत्कारात मी लिहिलेलं मानपत्र आबांच्या कानावर पडलं आणि त्यांनी मला उचललंच — तेव्हापासून पंधरा वर्षं मी त्यांच्या जीपमध्ये मागे बसलेला असायचो, मांडीवर वही. काय दिवस होते ते! हिवाळी अधिवेशनाच्या आधी आबा तीन-चार दिवस मतदारसंघ फिरायचे. दुपारी कुणाच्या तरी शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची, भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि आबा मांडी घालून लोकांत बसायचे. कुणी शिव्या द्याव्यात, कुणी गाऱ्हाणी सांगावीत, आबा तोंडातला घास तसाच ठेवून ऐकायचे. भरीत तिखट लागलं की डोळे पुसत हसायचे. आता तसं भरीत मिळत नाही असं मी म्हणतो, मुलगी म्हणते तुमची जीभ म्हातारी झाली. असेलही.

आबांची एक पद्धत होती. खर्चावर बोलायचं तर कागदावरचे मोठमोठे आकडे त्यांना नको असायचे. "आकडा आयकीसन कोनी जागे व्हत नही, सुभाष," ते म्हणायचे. "माले एक मानूस दे." म्हणजे असा एक माणूस, ज्याच्याकडे बोट दाखवलं की सगळ्या सभागृहाला उधळपट्टी डोळ्यांसमोर दिसेल. तो माणूस शोधून आणणं, हे माझं काम. आबा पडताळून बघत नसत. माझ्यावर सोपवलं की सोपवलं.

त्या वर्षी पुरवणी मागण्यांवर बोलायचं होतं. माझ्याकडे माणूस तयार होता — एक कंत्राटदार, ज्यानं एकच सरकारी विश्रामगृह एवढ्या वेळा दुरुस्त केलं होतं की गावात लोक त्यावर विनोद करायचे. असं उदाहरण शोधूनही सापडत नाही. पण तो कंत्राटदार माझा साडू होता. दिवाळीत एका ताटात जेवायचो आम्ही. आबांना हे नातं ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं का? नाही सांगितलं. मी दुसरा माणूस शोधायला निघालो.

भडगावच्या खाली, गिरणेच्या काठी, पट्टीवाले नाना म्हणून होते. नदीत उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाणी किती चढलं ते दिवसातून तीनदा बघायचं आणि वहीत लिहायचं, ही त्यांची नोकरी. आणि गिरणा तुम्हाला माहीत आहे — वरती धरण झाल्यापासून वर्षाचे बरेच महिने वाळूच वाळू. तरी नाना तीनदा जायचे. सकाळी, दुपारी, दिवस मावळताना. धुतलेला पायजमा, काखेत वही. मी गेलो तेव्हा त्यांनी अंगणात घोंगडी टाकली, त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, चहा दिला, आणि नानांनी अभिमानानं ती वही माझ्यापुढे उघडली. पानंच्या पानं एकच सरकारी शब्द — निरंक. म्हणजे पाणी नाही.

"कोरडं शे ते बी देखनं पडस, भाऊ," नाना म्हणाले. "नही देखं ते कसं समजी?"

मी पानं उलटत गेलो. मध्येच एक पान आलं, शाईनं गच्च भरलेलं. एका पावसाळ्यात धरणातून अचानक पाणी सुटलं होतं, तो दिवस. नाना पहाटेपासून दुपारपर्यंत काठावर उभे होते. अर्ध्या अर्ध्या तासाची पातळी, घाईतलं पण सुवाच्य अक्षर. बाजाराचा दिवस होता, खालच्या अंगाला नदीपात्रात गुरं, गाड्या, माणसं. पट्टीवर पाणी भराभर चढतंय म्हटल्यावर नानांनी अक्कांना धावत पाठवलं, स्वतः पट्टीपासून हलले नाहीत, आणि सगळा बाजार वर निघाला. एक बकरीसुद्धा वाहून गेली नाही. हे मी ऐकलं, पान वाचलं, वा नाना, असंही म्हणालो. मनापासून म्हणालो. मग वही आठ दिवसांसाठी मागून घेतली.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल.

नागपूरला आमदार निवासातल्या खोलीत मी आबांना ती निरंकाची पानं दाखवली. आबा हसले, मग थांबले. त्यांचा स्वभावच तो, हसून झालं की थांबायचे. "इतलंच काम शे का त्यानं?" त्यांनी विचारलं.

भरलेलं पान माझ्या अंगठ्याखाली होतं. खोटं वाटेल, पण खरंच अंगठ्याखाली होतं, मी ते दाबून धरलं होतं.

"एवढंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आबा बोलले. विश्रामगृहं, मोटारी, जाहिरातींचे फलक, सगळं बोलले, आणि ते सगळं रास्त होतं, आजही रास्त आहे. पण ते कुणाला आठवत नाही. "अध्यक्ष महोदय, निरंक एवढा एक शब्द लिहायला आमचं सरकार माणूस पाळतं!" असं म्हणून त्यांनी वही वर धरली आणि सूर लावून वाचायला लागले — निरंक, निरंक, निरंक. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मी वरच्या गॅलरीत बसून हसत होतो. माझंच वाक्य होतं ना.

मंत्र्यांनी उत्तरात घोषणा केली की असली अनावश्यक पदं तपासली जातील. सरकार कधी नव्हे ते इतकं चपळ झालं! विश्रामगृहाला पुढेही रंग लागत राहिला. गिरणाकाठचं ते एक पद मात्र लगेच गेलं. आणि गावातली पोरं नानांना निरंक नाना म्हणायला लागली. इतकी वर्षं ज्या माणसाला वाटेत लोक विचारायचे, नाना, आज पाणी किती, त्याला पाहून पोरं सूर लावायची — आबांचाच सूर.

चूक इथे संपली असती तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. माणूस एकदा घसरतो, आपण म्हणतो. पण मला सावरायची संधी आली होती. तीही घरी चालून.

नाना जळगावला माझ्याकडे आले. सोबत केळ्यांची फणी. त्यांना वाटत होतं की कुणीतरी आबांना अर्धवट माहिती दिली. कुणी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, वही मीच नेली होती तरी! आबा तुमचं अक्षर ओळखतात, म्हणून अर्ज तुम्हीच लिहा, असं म्हणाले. नोकरी परत द्या असं त्यात नव्हतंच. त्या पुराच्या दिवशीचं आबांनी सभागृहात एकदा सांगावं, एवढंच मागणं. नाना सांगत गेले, मी लिहीत गेलो. मास्तर होतो मी, अर्ज फार चांगला उतरला. नानांनी सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात देऊन ते बसस्टँडला गेले.

तो अर्ज मी आबांना दिला नाही.

आबांनी काही केलं नसतं म्हणून? उलट. मी आबांना इतकी वर्षं जवळून बघितलं होतं. चुकलं म्हणून भर सभागृहात हात जोडायला त्यांनी एकदाही मागेपुढे पाहिलं नव्हतं. अर्ज वाचला असता तर ते पुढच्याच अधिवेशनात उभे राहिले असते. पण त्याआधी माझ्याकडे वळून, चष्मा खाली घेऊन विचारलं असतं — सुभाष, तुले मालूम व्हतं? मग साडूही निघाला असता. मी अर्ज कपाटात जुन्या परिपत्रकांखाली ठेवला. जीपचे दौरे, भरीत, आबांचं हसणं, हे सगळं मला त्यानंतरही मिळत राहिलं. त्या दिवसांची आठवण आली की आजही मन भरून येतं, लाज वाटते, पण भरून येतं हे खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. भडगावला शोकसभा होती. फुलं वाहायची रांग लांब होती, आणि बघतो तर माझ्या पुढे नाना. पार वाकलेले, हातात झेंडूचं एक फूल. मला पाहून त्यांना बरं वाटलं. माझा हात धरूनच बोलले.

"भाऊ, एक इचारू का? तो कागद तुमी आबाले दिधा व्हता ना?"

खरं बोलायला तेव्हा काय लागलं असतं? आबा नव्हते. माझी त्यांच्याकडची नोकरी कधीच संपली होती. साडूशी तर बोलणंही उरलं नव्हतं. भीती वाटावी असं काहीही शिल्लक नव्हतं.

"हो नाना," मी म्हणालो. "वाचलाही होता त्यांनी."

नाना थोडा वेळ आबांच्या फोटोकडे बघत राहिले. मग माझा हात सोडला आणि फूल तसंच हातात घेऊन रांगेतून बाहेर पडले. त्यांची जागा रिकामी झाली. मी पुढे सरकलो, फोटोपुढे फूल ठेवलं आणि हात जोडले.