उरलेल्या तीन फेऱ्या

मंगळवारी दहा वाजता मॉरीन चर्चच्या फाटकाशी नव्हती. इतक्या वर्षांत ती माझ्यानंतर पोचली असं एकदाही झालं नव्हतं. बस चुकली असेल, असं म्हणून मी बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने फोन वाजला. तिची मुलगी केट, मेडनहेडहून. "लीला आंटी, मम गेली. आज पहाटे, झोपेतच." मी विचारलं, "रात्री जेवली होती का?" असं का विचारलं, मला माहीत नाही. केट म्हणाली, "सूप घेतलं होतं, टोस्ट अर्धा टाकला." माझ्या कोटाच्या खिशात तिचे तीन खडे होते. आदल्या मंगळवारी तिनेच ते माझ्या हातावर ठेवले होते. "चार झाल्या. आज पाय ऐकत नाहीत. उरलेल्या तीन, मंगळवारी."

हे खडे कसले, ते नीट सांगायला हवं. त्याला जरा मागे जावं लागेल.

आमचे हे इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि मुलगा संजय शाळेत जायला लागल्यावर मी तिथल्याच लॉन्ड्रीत लागले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी म्हणजे येस, नो आणि सॉरी. चादरीच्या घडीला इंग्रजी लागत नाही, पण दुसरं माणूस लागतं. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकाला टोक लावायचं. मॉरीन माझ्या समोरच्या टोकाला होती. आयर्लंडच्या पश्चिमेकडची, लाल केसांची, तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, चादर धर, साडी नेसवू नकोस तिला." ती काय बोलली ते मला दोन महिन्यांनी कळलं आणि मग मी तिला चहाच्या सुट्टीत शिव्या दिल्या, मराठीत. तिला त्या तेव्हाच कळल्या.

बावीस वर्षं आम्ही चादरींच्या घड्या घातल्या. दिवसातून शंभरदा जिच्या समोर चालत जायचं, तिच्याशी मैत्री तरी होते नाहीतर वैर. आमचं दोन्ही झालं.

मिल्टन कीन्स नवं शहर, पण त्याच्या पोटात जुनी खेडी तशीच राहिलेली आहेत. रेडवेने, म्हणजे पायी नि सायकलने जायच्या लाल वाटेने, चालत गेलं की एका खेड्याचं दगडी चर्च लागतं. मॉरीनचं चर्च ते नव्हे. ती कॅथलिक, तिचं चर्च विटांचं, बाहेरून लायब्ररीसारखं. पण या जुन्या चर्चच्या आवारात एका थडग्यावर एक क्रूस उभा आहे, माणसाच्या उंचीचा. नेहमीच्या क्रुसासारखा नाही. चार हात जिथे एकत्र येतात तिथे त्यांच्याभोवती दगडाचं कडं आहे आणि कडं नि हात यांच्या मध्ये चार आरपार भोकं. अंगभर वेलीसारखी नक्षी, जिचं टोक सापडत नाही. इथे त्याला केल्टिक क्रॉस म्हणतात. आम्ही दोघी रिटायर झाल्यावर एका मंगळवारी तिने मला तिथे नेलं. नाव वाचून दाखवलं. कोणीतरी गेल्याला शंभरावर वर्षं झालेला माणूस. मी विचारलं, "हा तुझा कोण?"

"कोणी नाही. माणूस ओळखीचा नाही, दगड ओळखीचा आहे."

तिच्या गावाकडे असाच क्रूस होता, याच्या दुप्पट उंच. संताच्या दिवशी सगळा गाव त्याच्याभोवती सात फेऱ्या घाली. वाटेवरचे सात खडे उचलायचे आणि दर फेरीला एक पायथ्याशी ठेवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. हे सांगता सांगता तिने खडे उचलले आणि निघाली. पाहते तर क्रुसाला उजवी घालून, सूर्य फिरतो तशी, आपण देवळात फिरतो अगदी तशी! मला कोणी सांगायला लागलं नाही. बूट काढले आणि तिच्या मागे लागले. जानेवारी, गवत ओलं. "बूट घाल! न्यूमोनिया होऊन मेलीस तर संजय माझ्या नावाने ओरडेल." मी म्हटलं, "पुढे बघून चाल." सातवी फेरी झाल्यावर मी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि क्रुसाच्या पायाला बोट लावलं. दगडाला फेरी घातली की कुंकू लावायचं, एवढंच मला ठाऊक.

पुढच्या मंगळवारी फाटकावर पाटी. स्मारकांना रंग लावू नये. मॉरीन गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने दगड घासत होती आणि हसून हसून तिला दम लागला होता. "बावीस वर्षं लॉन्ड्रीत काढलीस आणि न जाणारा एकच डाग शोधून काढलास!" तो गेला नाहीच. खाली वाकून पाहिलंत तर आजही दिसेल.

त्या कड्याचा अर्थ मी तिला विचारला होता. ती म्हणाली, चर्चचा तरुण व्हिकर, म्हणजे तिथला धर्मगुरू, म्हणतो, ज्याला सुरुवात नाही नि शेवट नाही तो देव म्हणजे हे कडं, आणि माणसाचं मरण म्हणजे आतला क्रूस. कोणी म्हणतं सूर्य. बसमध्ये भेटलेली एक बाई म्हणाली पृथ्वी, आप, तेज, वायू. मॉरीनचा बाप दगडाच्या भिंती रचायचा. तो म्हणायचा, दगडाचे हात जड असतात, आधार नसला तर आपल्याच भाराने तुटून पडतात. कडं ते हात धरून ठेवतं. देव, सूर्य हे असेलही. मला बापाचं पटलं. ओल्या चादरी उचलून हात किती जड होतात, ते मला माहीत आहे.

संजयच्या गाडीतून जाताना एकदा तिने मला दाखवलं. आमच्या गावात दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, मधे वाटोळं, चार बाजूंनी चार रस्ते. "वरून बघितलंस तर कसं दिसेल?" आणि सगळ्या गाड्या मधल्या वाटोळ्याला उजवी घालूनच जातात. मी म्हटलं, "अख्खं गाव प्रदक्षिणा घालतंय." ती म्हणाली, "आणि एकाला तरी देव आठवतोय का बघ, सगळे शिव्या देतायत."

आमचे हे गेले तेव्हा आमचं भांडण झालं. मोठं.

आमच्यात मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती उलट्या तीन फेऱ्या घालतो. देवाला सुलट, मेलेल्याला उलट. तशा घातल्या म्हणजे माणूस सुटतो, मागे रेंगाळत नाही. इथे दहनगृहात अर्ध्या तासाची वेळ मिळाली, पेटीपुढे पडदा सरकला, संपलं. संजयने विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. त्याचा दोष नाही. पण मला झोप येईना. ह्यांना आपण अर्धवट पाठवलं, असंच वाटत राहिलं. म्हणून मंगळवारी मी तांब्या घेऊन गेले आणि क्रुसाला डावी घालून, पाणी सांडत फिरायला लागले. दुसऱ्या फेरीला मॉरीन फाटकातून आली. धावत आली आणि माझं कोपर धरलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "थांब! उलटं फिरून शाप देतात, बाई. कोणाला मारायचंय तुला?"

मी म्हटलं, "मेलाय तो. त्याला मोकळं करतेय."

"इथे नाही. माझ्या दगडाभोवती नाही."

"तुझा कधीपासून झाला?" असं मी म्हटलं आणि हात हिसडून तिसरी फेरी पुरी केली. पाच महिने आम्ही बोललो नाही. मी मंगळवार सोडून गुरुवारी जायला लागले. एका गुरुवारी मी क्रुसापाशी उभी होते, तर समोरच्या भोकातून एक हात आरपार आला. हातात क्रीमचं बिस्कीट. पलीकडून आवाज, "तू आत्ता माझ्याकडे बघू नकोस. खा आणि नीट सांग, तुमच्यात ते का करतात." मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्यासाठी ठीक. मी गेल्यावर माझ्यासाठी उलटी फिरलीस तर वर येऊन कान उपटीन. सुलटी फिर. शब्द दे." मी दिला. तेव्हा द्यायला काय जातंय, असं वाटलं होतं. मंगळवार परत सुरू झाला.

आता ती गेली. इथल्या विटांच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. केटने मला पुढच्या बाकावर बसवलं. नंतर पेटी विमानाने तिच्या गावी गेली. तिथे त्या उंच क्रुसाच्या जवळच पुरलं, असं केटने कळवलं. चांगलं झालं. माझं जाणं आता होत नाही. माझ्याकडे राहिला तो परक्या माणसाच्या थडग्यावरचा दगड.

हे सगळं झाल्यावरच्या मंगळवारी मी गेले. पिशवीत तांब्या होता, भरलेला. खोटं सांगत नाही. शब्द दिला होता तिला, पण माझ्या समजुतीप्रमाणे गेलेल्या माणसाला कोणीतरी उलट फिरून वाट द्यावी लागते, आणि तिच्यासाठी ती देणारी दुसरी कोण होती? मी क्रुसाच्या डाव्या बाजूला उभी राहिले. पाय उचललासुद्धा. समोर ते भोक होतं... त्यातून पलीकडचं गवत दिसत होतं, नुसतं गवत. तेव्हा मला कळलं की हे मला तिच्यासाठी करायचंच नाहीये. सुटून जाऊ दे तिला, असं मला वाटतच नव्हतं. पिशवीतलं पाणी मी कडेच्या गुलाबाला घातलं आणि उजवी घालून निघाले, तिला हवी होती तशी. अडकून राहिली असेल तर राहू दे. इथेच राहील, कुठे वाईट आहे?

पाचवी फेरी झाली, एक खडा ठेवला. सहावी झाली, दुसरा ठेवला. मग बाकावर बसले, तिच्या जागेवर नाही, माझ्या.

त्यानंतर सहा मंगळवार गेले. दर वेळी जाते, पायथ्याचा डाग बघते, बसते, परत येते. तिसरा खडा कोटाच्या खिशात आहे. संजय म्हणतो, "आई, कोट धुवायला दे." मी देत नाही. उरलेल्या फेऱ्या मंगळवारी, असं ती म्हणाली होती. कुठल्या मंगळवारी, ते म्हणाली नव्हती.